भिंतीआडचा वाद्यवृंद : थिएटर ऑर्गन आणि त्याच्या जपणुकीचे प्रश्न

थिएटर ऑर्गन पाहायला गेलेला माणूस बहुतेक वेळा भलतीकडेच पाहत असतो. पडद्यासमोरच्या खड्ड्यातून लिफ्टवर हळूहळू वर येणारा कन्सोल, त्यावर पडलेला प्रकाशझोत, पाठमोरा वादक, त्याच्याभोवती नालेच्या आकारात मांडलेल्या, आवाज निवडायच्या पांढऱ्या, लाल, पिवळ्या टॅबच्या ओळी. हे दृश्य इतकं देखणं असतं की नजर तिथेच खिळते. पण त्या कन्सोलमधून एकही स्वर निघत नाही. स्वर येतात ते प्रेक्षागृहाच्या दोन्ही बाजूंच्या नक्षीदार जाळ्यांमागून, बरेचदा छताजवळ बांधलेल्या बंद खोल्यांमधून. तिथे शेकडो, कधी हजारो नळ्या उभ्या असतात. त्यांच्या शेजारी खराखुरा ढोल असतो, खऱ्या झांजा असतात, लाकडी पट्ट्यांचा झायलोफोन असतो, कुठे कुठे तर एक अख्खा पियानोही असतो. जमिनीखालच्या एखाद्या खोलीत पंखा घरघरत असतो आणि तिथपासून नळ्यांपर्यंत माणसाच्या कमरेएवढे जाड वायुमार्ग गेलेले असतात. तेव्हा वाद्य म्हणावं ते या सगळ्या पसाऱ्याला. सभागृहाच्या भिंती, छत आणि मधली मोकळी जागा हीसुद्धा त्याचीच अंगं आहेत.

हे एकदा मनात पक्कं झालं की या वाद्यांच्या जपणुकीवरून गेली साठ-सत्तर वर्षं चाललेले वाद समजू लागतात. काय वाचवायचं, कुठे ठेवायचं, किती बदलायचं, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेवटी आपण वाद्य कशाला म्हणतो यावर ठरतं.

मराठी रसिकाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून पदांना साथ करणारा, पायानं भाता हलवत वाजवायचा तो ऑर्गन. त्याच्यात नळ्या नसतात. भाता पेटीतली हवा बाहेर ओढतो आणि आत शिरणाऱ्या हवेनं पितळी पाती थरथरतात. त्याचा तो भरदार, लांब टिकणारा सूर तिथून येतो. पाइप ऑर्गनचं कूळ निराळं. त्यात दाबाखालची हवा नळीत सोडतात आणि प्रत्येक स्वराला स्वतःची नळी असते. युरोपातल्या चर्चमध्ये हे वाद्य शतकानुशतकं वाढलं. थिएटर ऑर्गन याच दुसऱ्या कुळातला, पण घराबाहेर पडून चित्रपटगृहात रमलेला. त्याला तिथे नेण्यात सगळ्यात मोठा वाटा होता रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रज माणसाचा.

होप-जोन्सचा जन्म १८५९चा, चेशर परगण्यातला. व्यवसायानं तो टेलिफोन कंपनीत विद्युत तंत्रज्ञ होता, आणि त्याला ऑर्गनचं वेड होतं. त्या काळी चर्चमधल्या ऑर्गनची पट्टी दाबली की लाकडी काड्या, तारा आणि तरफांच्या साखळीतून दूरवरची झडप उघडायची. वाद्य जितकं मोठं तितकी पट्टी जड. होप-जोन्सनं टेलिफोनच्या तारेचा विचार ऑर्गनला लावला. बर्कनहेडच्या सेंट जॉन चर्चमध्ये त्यानं विजेवर चालणारी यंत्रणा बसवली आणि कन्सोल चर्चच्या आवारात नेऊन आतलं वाद्य बाहेरून वाजवून दाखवलं. वादक आणि वाद्य यांच्यात आता फक्त एक केबल उरली. पुढे चित्रपटगृहात खड्ड्यातून वर येणारा कन्सोल शक्य झाला तो यामुळेच.

१९०३मध्ये तो अमेरिकेला गेला, एल्मायरा गावी स्वतःचा कारखाना काढला, तो चालला नाही. १९१०मध्ये रुडॉल्फ वुर्लिट्झर कंपनीनं त्याचं काम आणि पेटंट विकत घेतली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडाच्या कारखान्यात ही वाद्यं तयार होऊ लागली. कंपनीशी होप-जोन्सचं पटलं नाही. १९१४ साली त्यानं आपलं आयुष्य संपवलं. ज्या भव्य चित्रमहालांत त्याच्या कल्पना नांदल्या, त्यांतले बहुतेक त्यानंतर बांधले गेले. वाद्याला नाव मात्र कारखान्याचं मिळालं : 'मायटी वुर्लिट्झर'. त्या कारखान्यातून तीसेक वर्षांत २,२०० हून जास्त ऑर्गन बाहेर पडले. रॉबर्ट मॉर्टन, किंबॉल, बार्टन, मोलर, इंग्लंडात कॉम्प्टन, असे इतरही मोठे कारखाने होते आणि त्यांच्या वाद्यांचे आजही कट्टर चाहते आहेत.

आता वाऱ्यामागून आत जाऊ या, कारण हे वाद्य समजून घ्यायचा तोच सरळ रस्ता आहे.

तळघरात विजेच्या मोटरवर फिरणारा ब्लोअर असतो. अमेरिकेत बरेचदा तो हार्टफर्डच्या स्पेन्सर कंपनीचा 'ऑर्गोब्लो' असतो. हवेचा दाब ऑर्गनवाले पाण्याच्या इंचांत मोजतात : वाकड्या नळीतलं पाणी हवेच्या जोरानं किती इंच सरकतं ते पाहायचं. चर्चच्या साध्या ऑर्गनमध्ये हा दाब तीन-चार इंच असतो. वुर्लिट्झरमध्ये बहुतेक नळ्या १० इंचांवर वाजतात, दणदणीत तुताऱ्या १५ वर, आणि काही ट्यूबा तर २५ इंचांवर. दोनतीन हजार माणसांनी भरलेलं, गालिचे अंथरलेलं सभागृह आवाज गिळतं. त्याला पुरून उरायला एवढा जोर लागतो.

हा वारा आधी रेग्युलेटरमध्ये येतो. तो म्हणजे चामड्याच्या घड्यांचा आणि स्प्रिंगांचा मोठा भाता. वादकानं एक पट्टी दाबली काय किंवा दहा दाबल्या काय, दाब स्थिर राखणं हे त्याचं काम. तिथून वारा नळ्यांखालच्या लांबलचक लाकडी पेटीत जातो आणि तिथे थांबून राहतो. पेटीत प्रत्येक नळीसाठी एक झडप असते, आणि त्या झडपेची युक्ती मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत सुंदर वाटते. पट्टी दाबली की १२-१५ व्होल्टचा अशक्त प्रवाह एका छोट्या विद्युतचुंबकात जातो. चुंबक नखाएवढी लोखंडी चकती जेमतेम उचलतो. त्या फटीतून एका इवल्या चामडी भात्यातली हवा निसटते. भात्याच्या आत हवा उरत नाही आणि बाहेर, पेटीत, दाब तसाच असतो. म्हणून भाता चेपतो. तो चेपला की त्याच्याहून मोठ्या दुसऱ्या भात्यातली हवा सुटते, तोही चेपतो आणि नळीखालची झडप ओढून उघडतो. म्हणजे वीज झडप उघडत नाही. वीज फक्त एक उसासा सोडायला सांगते. झडप उघडायचं कष्टाचं काम वाराच करतो. बोट आणि स्वर यांच्यातली ही सगळी घडामोड निमिषात होते, आणि एका मध्यम ऑर्गनमध्ये असे भाते हजारोंनी असतात, प्रत्येकावर पातळ चामडं ताणून चिकटवलेलं.

नळ्या दोन जातींच्या. एक जात अलगुजाच्या तत्त्वावर चालते : फटीतून निघालेली हवेची पात कडेवर आदळते आणि नळीतली हवा गाऊ लागते. दुसऱ्या जातीत पितळी जीभ असते. ती खाचेवर आपटत थरथरते आणि वरची नळी तिच्या आवाजाला रूप देते. सर्वांत खालच्या स्वरांची उघडी नळी १६ फुटांची असू शकते. सर्वांत वरच्या स्वरांची पेन्सिलीएवढी. एकाच गुणाच्या आवाजाची खालपासून वरपर्यंतची मालिका म्हणजे एक रँक. वाद्याचा आकार रँकच्या आणि हातपट्ट्यांच्या ओळींच्या संख्येत सांगतात.

चर्चचा ऑर्गन आणि हा यांच्यात खरा फरक पडतो तो इथे. चर्चमध्ये साधारणपणे एक टॅब म्हणजे नळ्यांची एक स्वतंत्र मालिका. होप-जोन्सच्या 'युनिट' पद्धतीत एकच मालिका दोन्ही टोकांना वाढवून ९७ नळ्यांची करतात आणि तिला विजेच्या जोडणीनं कुठूनही, कुठल्याही सप्तकात बोलावतात. हीच मालिका वरच्या हातपट्टीवर सुरेल गायनासाठी, खालच्या हातपट्टीवर साथीसाठी आणि पायपट्ट्यांवर खर्जासाठी येते. म्हणून दहाबारा रँकचं वाद्य भल्या मोठ्या वाद्यवृंदासारखं वाजू शकतं. चर्च-ऑर्गनच्या शुद्धतावाद्यांना हे काटकसरीचं ढोंग वाटायचं आणि काहींना अजून वाटतं. एकच मालिका तीन सप्तकांत एकदम वाजली की स्वरांची आपापसांत गल्लत होते, हा त्यांचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्यानं थिएटर ऑर्गन खोटा ठरत नाही. त्याची कला वेगळ्या ठिकाणी आहे.

ती आहे आवाजांच्या निवडीत आणि हेलकाव्यात. टिबिया क्लॉसा नावाची रुंद, तोंडबंद लाकडी नळी हा या वाद्याचा प्राण. तिचा आवाज गोल, जवळजवळ पोकळ असतो. एकटी ऐकली तर सपाट वाटते. पण तिला ट्रेम्युलंट जोडला की ती विरघळते. ट्रेम्युलंट म्हणजे वायुमार्गावरचं एक यंत्र. ते सेकंदाला पाचसात वेळा थोडी हवा बाहेर सोडतं. दाब खालीवर होतो आणि सूर डोलतो. चर्चच्या ऑर्गनमध्येही ट्रेम्युलंट असतो, पण इतका खोल नाही. टिबियाच्या जोडीला माणसाच्या आवाजाचा भास देणारी व्हॉक्स ह्युमाना, तंतुवाद्यांसारख्या बारीक नळ्या, नाकात बोलणारी किनुरा, पितळी सॅक्सोफोन आणि सगळ्यांवर कडी करणारा पोस्ट हॉर्न. होप-जोन्सनं खर्जासाठी डायफोन नावाची नळी घडवली. तिच्या तत्त्वावर पुढे धुक्यात जहाजांना इशारा देणारे किनाऱ्यावरचे भोंगे तयार झाले, एवढ्यावरून तिच्या ताकदीची कल्पना यावी.

नळीला एक मर्यादा आहे. ठरलेल्या दाबावर ती एकाच जोरानं वाजते. बोट हळू दाबा किंवा जोरात, फरक नाही. म्हणून खोलीच्या सभागृहाकडच्या बाजूला जाड लाकडी झडपांच्या रांगा असतात. वादक पायानं त्या उघडतो, मिटतो. आवाज लहानमोठा होतो तो नळीत नाही, त्या दारांत. चांगला वादक या दारांचा वापर गायकानं श्वास वापरावा तसा करतो. शिवाय खोल्या वादकापासून लांब असल्यानं त्याला स्वतःचं वाजवणं किंचित उशिरा ऐकू येतं. कानांवर न विसंबता हात पुढे चालवायची सवय त्याला करावी लागते. पट्ट्याही दुहेरी असतात : नेहमीइतकी दाबली की एक आवाज, आणखी जोर दिला की तिच्यातूनच दुसरा. त्यामुळे साथ चालू असताना अधूनमधून एखादा स्वर वेगळ्या रंगात उठवता येतो.

आणि मग गमतीजमतींचा कप्पा. घोड्यांच्या टापा, आगगाडीची शिटी, मोटारीचा हॉर्न, लाटा, दारावरची घंटा, पाण्यात बुडवलेल्या बारीक नळ्यांतून चिवचिवणारे पक्षी. हे सगळं खरं वाजणारं, त्याच वाऱ्यावर चालणारं. खोलीत उभं राहून हे चालताना पाहिलं की लाकडी हातोड्यांची धावपळ बघून पोरासारखा आनंद होतो. काही अभ्यासकांना हा कप्पा वाद्याचा हलका भाग वाटतो. मला नाही वाटत. मूकपटाच्या पडद्यावर घोडा धावत असताना टापा कुठून तरी याव्या लागत, आणि त्या वेळेवर आणणं हे सोपं काम नव्हतं.

आपल्याकडेही मूकपट मुके नव्हते. १९१३मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हापासून आपल्या चित्रपटगृहांत पडद्याजवळ पेटी-तबला बसायचा. मोठ्या ठिकाणी व्हायोलिन, पियानोही असायचं. अमेरिकेत हेच काम आधी पियानोवाला करी, मग मोठ्या थिएटरांत पूर्ण वाद्यवृंद. दोन-तीन हजार खुर्च्यांचे चित्रमहाल उभे राहू लागले तसं मालकांच्या लक्षात आलं की एका वादकानं वाजवायचं हे वाद्य रोजच्या खेळांना स्वस्त पडतं. वादकाला चित्रपटाबरोबर प्रसंगांची यादी मिळे; बाकी सगळं त्याच्या बोटांवर आणि स्मरणावर. दिवसातून अनेक खेळ, पडद्यावर डोळे, हातपाय चारी दिशांना. जेसी क्रॉफर्डसारखे वादक तर स्वतःच आकर्षण झाले. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या पॅरामाउंट थिएटरात १९२६मध्ये बसवलेला चार हातपट्ट्यांचा, ३६ रँकचा वुर्लिट्झर त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

१९२७च्या ऑक्टोबरात 'द जॅझ सिंगर' हा बोलपट आला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत वादकांची कामं गेली. मागोमाग मंदी आली. रेडिओ सिटी म्युझिक हॉलचा ५८ रँकचा, ४,४१० नळ्यांचा वुर्लिट्झर १९३२ साली सुरू झाला. तो या कारखान्याचा सगळ्यात मोठा थिएटर ऑर्गन, पण तेव्हा मागणी संपतच आली होती. इंग्लंडात गोष्ट जरा वेगळी घडली. तिथे बोलपट आल्यानंतरही १९३०च्या दशकभर ऑर्गन बसत राहिले, कारण दोन चित्रपटांच्या मध्ये वादन हा खेळाचाच भाग होता आणि रेडिओनं हे वादक घराघरांत नेले. रेजिनल्ड डिक्सन १९३०पासून ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममध्ये नृत्यासाठी वाजवू लागला तो १९७०पर्यंत. तिथलं वाद्य अजून वाजतं, लोक अजून त्यावर नाचतात.

बाकीच्यांचं काय झालं ते सांगायला जड जातं. कुठे गळकं छत, कुठे उंदीर. लहान नळ्या शिट्ट्या म्हणून पळवल्या गेल्या. कथील-शिशाच्या मऊ नळ्या वाकल्या. १९५० आणि ६०च्या दशकांत चित्रमहालच पाडायला सुरुवात झाली. ऑर्गन वाचवणारे लोक पुढे आले ते नेमके याच काळात, आणि त्यांत बहुतेक जण व्यावसायिक संगीतकार नव्हते. इंजिनियर होते, सुतारकाम जाणणारे होते, लहानपणी हे वाद्य ऐकलेले हौशी होते. अमेरिकेत १९५५मध्ये त्यांची संघटना उभी राहिली, आजची अमेरिकन थिएटर ऑर्गन सोसायटी. इंग्लंडातली सिनेमा ऑर्गन सोसायटीही त्याच दशकातली. त्याच सुमाराला हाय-फाय ध्वनिमुद्रिकांची लाट आली. जॉर्ज राइटनं शिकागोच्या पाडलेल्या पॅराडाइज थिएटरचं वाद्य, जे एका संग्राहकाच्या घरी हलवलं होतं, त्यावर वाजवलेल्या तबकड्या लोकांनी नवे स्पीकर तपासायला विकत घेतल्या आणि संगीताच्या प्रेमात पडले.

जपणुकीचा पहिला मोठा प्रश्न जागेचा. वाद्य मूळ सभागृहात ठेवावं की मिळेल तिथे हलवावं? उत्तर सोपं वाटतं, पण पाडकामाची तारीख ठरलेली असताना ते सोपं राहत नाही. लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागातल्या ट्रोकाडेरोचा २१ रँकचा वुर्लिट्झर १९३० साली आला. युरोपात आलेला तो सर्वांत मोठा. थिएटर १९६३मध्ये पाडलं गेलं. सिनेमा ऑर्गन सोसायटीनं वाद्य सोडवलं, बरो पॉलिटेक्निकच्या सभागृहात अनेक वर्षं चालवलं, मग पुन्हा उतरवून जपून ठेवलं, आणि २०१५मध्ये ते पूर्व लंडनच्या ट्रॉक्सीत वाजू लागलं. ट्रॉक्सी १९३३चं, म्हणजे त्याच्याच पिढीचं चित्रपटगृह. न्यूयॉर्क पॅरामाउंटचं वाद्य कॅन्सस राज्यातल्या विचिटाला गेलं आणि १९७२पासून तिथल्या नागरी सभागृहात आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाडलेल्या फॉक्स थिएटरचा ३६ रँकचा वुर्लिट्झर आज हॉलिवूडच्या एल कॅपिटन थिएटरात चित्रपटाआधी वाजतो. हलवणाऱ्यांना दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते नसते तर यांतलं काहीच उरलं नसतं. पण हलवलेलं वाद्य नव्या खोलीत बसवताना त्याला पुन्हा सूर लावणं पुरत नाही, पुन्हा बोलायला शिकवावं लागतं : नळीच्या तोंडाशी काम करून प्रत्येकीचा जोर आणि रंग नव्या जागेला जुळवावा लागतो. जिथे जागा आकारानं आणि वयानं जुन्या घराच्या जवळची मिळाली तिथे हे साधलं आहे. लहान सभागृहात दाबून बसवलेली वाद्यं थकवणारी वाटतात.

कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात एक वेगळीच वाट निघाली : पिझ्झाची उपाहारगृहं. उंच छप्पर, लांब बाकं, आणि कोपऱ्यात काचेआड दिव्यांनी उजळलेल्या ऑर्गनच्या खोल्या. बहुतेक बंद पडली. ॲरिझोनातल्या मेसा गावचं 'ऑर्गन स्टॉप पिझ्झा' भरभराटीत आहे. तिथला ऑर्गन मुळात डेन्व्हरच्या थिएटरातला, १९२७चा. वाढत वाढत ७० रँकच्या पुढे गेला. शुद्धतेच्या दृष्टीनं तो मूळ वाद्य राहिला नाही हे उघड आहे. तरी काचेआड चाललेले भाते आणि हातोडे पाहत मोठी झालेली मुलं तिथे तयार झाली, आणि त्यांतली काही पुढे वादक आणि कारागीर झाली. हे ऋण मान्य करायला हवं. वाढवण्याच्या हौसेला माझा विरोध आहे तो दुसऱ्या ठिकाणी, जिथे मूळ थिएटरात मूळ वाद्य शाबूत आहे तिथे. कोलंबसच्या ओहायो थिएटरातला १९२८चा रॉबर्ट मॉर्टन मुळात २० रँकचा बसवला गेला. त्या आकड्यावरून त्या काळच्या रचनाकारानं त्या सभागृहासाठी नेमका किती आवाज मोजला होता ते कळतं. त्यात भर घालणाऱ्याला तो हिशेब पुसावा लागेल.

दुसरा प्रश्न चामड्याचा. थिएटर ऑर्गनचं आयुष्य त्याच्या चामड्याइतकं. पन्नास-साठ वर्षांत ते कडक होतं, तडकतं, भाते फुटतात, झडपा उघडत नाहीत, किंवा उघड्या राहून एखादा स्वर हट्टानं वाजत राहतो. पुनरुद्धार म्हणजे मुख्यतः हेच : पेट्या उतरवायच्या, प्रत्येक भाता सोडवायचा, जुनं चामडं खरवडून नवं लावायचं. सरस प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून केलेला, गरम करून वापरायचा. कारण पन्नास वर्षांनी पुढच्या माणसाला तोच भाता वाफेनं सोडवता आला पाहिजे. कायमचं चिकटवणारी आधुनिक रसायनं वापरून झालेली घाईची कामं पुढच्या पिढीनं रडत सोडवली आहेत. काही ठिकाणी चामडी भाते काढून थेट विजेवर उघडणाऱ्या झडपा बसवतात. त्या स्वस्त आणि टिकाऊ असतात, पण झडप उघडण्याची चाल बदलते आणि नळीचा पहिला उच्चार बदलतो. चामडं महाग असलं तरी चामडंच लावावं, असं माझं मत आहे.

तिसरा प्रश्न रिलेचा, आणि इथे मी सुधारकांच्या बाजूनं आहे. कुठला टॅब चालू असताना कुठली पट्टी कुठल्या नळीला बोलावते, हा हिशेब पूर्वी एका स्वतंत्र खोलीतली हजारो चांदीच्या संपर्कबिंदूंची आणि तारांची यंत्रणा ठेवायची. धूळ, गंज, तुटलेल्या तारा यांनी ती नेहमी आजारी असायची. आज तेच काम संगणक करतो. जाड केबलच्या जागी बोटाएवढी तार येते, आणि वाजवलेलं सगळं नोंदवून तेच वाद्य वादकाशिवाय पुन्हा वाजवता येतं. रिले आवाज करत नाही. तो बदलल्यानं हवेत काही बदलत नाही. जुनी यंत्रणा मोडीत न काढता जागेवरच राहू द्यावी, एवढं मात्र व्हायला हवं. नळ्यांच्या जोडीला स्पीकरमधून नमुना-ध्वनी वाजवण्याची पद्धत मला याच तर्कानं पटत नाही. तिथे थेट हवेलाच हात घातला जातो.

सूर लावणं हा कायमचा उद्योग आहे. तापमान एक अंशानं वाढलं की अलगुजाच्या जातीच्या नळ्यांचा सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे तीन शतांशांनी चढतो. जिभेच्या नळ्या तितक्या चढत नाहीत. म्हणजे थंड सभागृहात लावलेला सूर प्रेक्षकांनी गरम झालेल्या सभागृहात दोन तट पाडतो. म्हणून कार्यक्रमाच्या वेळचं तापमान आधीच राखून सूर लावावा लागतो : एक जण कन्सोलवर पट्टी धरून बसतो, दुसरा वर खोलीत अरुंद फळीवर उभा राहून नळीची तार किंचित ठोकतो. दोन माणसं, कित्येक तास. हे काम शिकलेली माणसं आता कमी आहेत आणि त्यांचं वय वाढलं आहे. नळ्या, चामडं हे पैशानं मिळतं. हे हात मिळत नाहीत.

म्हणूनच वाद्यं कुठे टिकली हे पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. जिथे सामान्य प्रेक्षकांना वाद्याच्या आत नेलं गेलं आणि जिथे ते नेहमीच्या कामात राहिलं, तिथे ते टिकलं. ओहायो थिएटर १९६९मध्ये पाडलं जाणार होतं; निरोपाच्या ऑर्गन-वादनाला लोटलेल्या गर्दीनं शहराला जागं केलं, आणि आज तिथल्या उन्हाळी चित्रपटमालिकेत प्रत्येक खेळाआधी तो वाजतो. अलाबामात बर्मिंगहॅमचं जुनं थिएटर १९८७मध्ये वाचवण्यात ऑर्गनप्रेमींचाच पुढाकार होता. डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरची मालकी तर तिथल्या ऑर्गन सोसायटीकडेच आहे. १९२८चा मूळ बार्टन तिथे स्वयंसेवक सांभाळतात, तिकिटंही तेच विकतात. याउलट फक्त पैशाच्या जोरावर दुरुस्त होऊन वर्षातून एखाद्या समारंभाला उघडलेली वाद्यं लवकर आजारी पडतात. चामडं हलतं राहिलं पाहिजे, संपर्कबिंदू घासले गेले पाहिजेत, आणि बिघाड झाल्याचं कोणाच्या तरी कानावर आलं पाहिजे.

अमेरिकेत आणि इंग्लंडात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सगळं प्रत्यक्ष पाहता येतं, फारशी पायपीट न करता. बे एरियातल्या कुटुंबांना पालो अल्टोचं स्टॅनफर्ड थिएटर जवळ आहे. १९२५चं हे थिएटर १९८९मध्ये पुनरुद्धार होऊन उघडलं. तिथला वुर्लिट्झर नंतर आणून बसवलेला आहे आणि जुन्या चित्रपटांच्या आधी तो वाजतो. मूकपट असेल तर साथ त्याचीच असते. लंडनमध्ये ब्रेंटफर्डच्या म्युझिकल म्युझियममध्ये किंग्स्टनच्या रीगल चित्रपटगृहाचा वुर्लिट्झर आहे. तो कागदाच्या छिद्रांकित गुंडाळीवर स्वतःहूनही वाजू शकतो, त्यामुळे लहान मुलांना तंत्र दाखवायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. शक्यतो मूकपटाचा खेळ निवडावा. मैफलीत हे वाद्य आपलं कौशल्य दाखवतं, चित्रपटात ते आपलं मूळ काम करतं. तिकीट काढताना पुढच्या रांगा टाळाव्यात. तिथे कन्सोल जवळ दिसतो, पण दोन्ही बाजूंच्या खोल्यांचे आवाज मिसळून कानांवर येतात ते सभागृहाच्या मध्याच्या मागे किंवा बाल्कनीच्या पहिल्या ओळीत. आणि खेळ संपल्यावर उठून जायच्या आधी तिथल्या स्वयंसेवकाला विचारावं की खोली बघता येईल का. बहुतेक ठिकाणी ही मंडळी या प्रश्नाची वाटच पाहत असतात. जिना अरुंद असतो, आत जागा कमी असते, कशालाही हात लावायचा नसतो. ब्लोअर चालू ठेवायला सांगावं, आणि खाली कोणाला तरी टिबियाची एकच पट्टी धरायला सांगावी, आधी ट्रेम्युलंटशिवाय, मग त्याच्यासकट.